चार इंच उडालेलं रॉकेट

प्रश्न : अमेरिकेचं एक रॉकेट म्हणे फक्त चार इंच उडालं होतं, असं माझा दादा सांगतो. ही थाप आहे ना? आणि खरं असेल, तर ते आडवं कसं नाही झालं? (अकरावीतली एक वाचक)

उत्तर : दादा खरं बोलतोय. २१ नोव्हेंबर १९६०, केप कॅनाव्हरल. मर्क्युरी कुपी (अंतराळवीर बसायचा तो कक्ष) डोक्यावर घेतलेल्या रेडस्टोन रॉकेटची ही पहिली चाचणी, आत माणूस नव्हता. इंजिन पेटलं, रॉकेट जेमतेम चार इंच उचललं गेलं, तोच इंजिन बंद पडलं. इतक्या कमी उंचीवरून सरळ खाली आल्यामुळे ते जरासं डुललं आणि आपल्या पंखांवर उभं राहिलं.

खरी गंमत पुढे आहे. इंजिन थांबलं म्हणजे उड्डाण संपलं, असं कुपीच्या यंत्रणेने धरलं. टोकावरचा सुटकेचा मनोरा, म्हणजे संकटात कुपीला ओढून दूर नेणारं छोटं रॉकेट, एकटाच सुटला आणि बाराशे मीटर उंच गेला. उंची दहा हजार फुटांच्या आत दिसली म्हणून पॅराशूट बाहेर आलं. त्याच्यावर भार येईना, म्हणून राखीवही आलं! प्रत्येक भागाने नेमून दिलेलं काम चोख केलं होतं.

मग चुकलं कुठे? शेपटीच्या पंखाला दोन केबल जोडलेल्या होत्या. नियंत्रणाची आधी सुटायची, वीज आणि अर्थिंगची तिच्यानंतर. त्या दिवशी नियंत्रणाची केबल लष्करी क्षेपणास्त्राची, म्हणजे हवी त्यापेक्षा लांब होती. क्लॅम्प लावून ती आखूड केली होती, तरी ती वीज-अर्थिंगच्या केबलनंतर २९ मिलिसेकंदांनी सुटली. तेवढ्या वेळात अर्थिंग नसल्याने प्रवाहाने इंजिन बंद करणाऱ्या रिलेतून (विजेवर चालणाऱ्या स्विचमधून) वाट काढली.

मी बरीच वर्षं रिले पॅनेलची जोडणी केली. अर्थिंग आधी जोडायचं आणि सगळ्यांत शेवटी सोडायचं, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. एकदा घाईत मी ते आधी सोडलं आणि शेजारचा कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठा रिले, आपणहून खटकन ओढला गेला. तो आवाज अजून कानात आहे. म्हणून ते २९ मिलिसेकंद मला फार जवळचे वाटतात.

इकडे इंधनाने भरलेलं रॉकेट तसंच उभं, बाजूला पॅराशूट लोंबतंय, वारा भरला तर सगळंच आडवं होणार. टाकीला बंदुकीने भोक पाडू या, अशीही सूचना आली. ती मानली नाही, हे फार बरं झालं. बॅटऱ्या उतरेपर्यंत आणि द्रव ऑक्सिजन उडून जाईपर्यंत, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत, कोणी जवळ गेलं नाही.

दुरुस्ती म्हणून सुमारे बारा इंचांचा अर्थिंगचा एक पट्टा लावला, बाकी सगळे प्लग सुटेपर्यंत जोडलेला राहील असा. १९ डिसेंबरला तीच कुपी नव्या रॉकेटवर चढवून सोडली. या वेळी ती २१० किलोमीटर उंच गेली.