कॉलेज फुटबॉलचा कोच हाकलला तर दुसऱ्या टीमना काय फरक पडतो?

अहो, शेजाऱ्यांची दिवाळीच! (अमेरिकन फुटबॉलचं बोलतोय, हातात बॉल घेऊन पळतात ते.) टेक्सास ए अँड एम युनिव्हर्सिटीने नोव्हेंबर 2023 मध्ये जिम्बो फिशरला काढला, तेही आदल्याच रात्री मिसिसिपी स्टेटला 51-10 धुतल्यावर, आणि वर करार मोडल्याचे 7 कोटी डॉलरपेक्षा जास्त द्यायचे कबूल केले, घरी बसायचे एवढे मलाही चालतील. तेव्हाच्या नियमाने कोच गेला की पोरांना 30 दिवस दुसरीकडे जायची मुभा, मग काय, वॉल्टर नोलन ओल मिसला, एल टी ओव्हरटन अलाबामाला, दोन्ही टीम त्यांच्याच कॉन्फरन्समधल्या, म्हणजे एकाच गटात एकमेकांशी भिडणाऱ्या. ए अँड एमने ड्यूकचा कोच माइक एल्को उचलला, ड्यूकने पेन स्टेटचा डिफेन्सचा कोच मॅनी डियाझ नेला, म्हणजे पेन स्टेटचा काही संबंध नसताना त्यांची खुर्ची रिकामी.