लॉफ्टमधला फोम, पंचवीस वर्षांची गॅरंटी आणि सहा वर्षांची मुदत

प्रश्न थोडक्यात: इंग्लंडमधल्या रेडिंगमधलं 1930च्या दशकातलं सेमी-डिटॅच्ड (एक भिंत शेजाऱ्याशी सामाईक असलेलं) घर. फेब्रुवारी 2021 मध्ये सरकारी 'ग्रीन होम्स ग्रँट' या घरातल्या ऊर्जाबचतीच्या योजनेच्या व्हाउचरवर लॉफ्टमध्ये, छपराच्या आतल्या बाजूने, ऊब टिकवणारा स्प्रे फोम मारून घेतला. खर्च 7,200 पौंड, त्यातले 4,800 व्हाउचरचे, 2,400 आमचे. आता मुलीजवळ राहायला जायचं म्हणून घर विकायला काढलं, तर दोन गिऱ्हाइकं सर्व्हेनंतर मागे फिरली. त्यांच्या बँका फोम असलेल्या छपरावर कर्ज देईनात. फोमवाली कंपनी बंद झाली आहे, पण पंचवीस वर्षांची गॅरंटी आहे. नागपूरचे वकील मेहुणे म्हणतात, फसवणूक कळल्या दिवसापासून मुदत मोजतात, तेव्हा घाई नको. आम्ही कोणाकडे दाद मागावी? आणि फोम काढून टाकला तर नव्या गिऱ्हाइकाला सांगायलाच हवं का?

उत्तर:

फोमने वासे आणि फेल्ट (कौलांखालचं अस्तर) झाकले जातात, लाकूड कुजलंय की नाही ते सर्व्हेअरला दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या गोष्टीवर बँक पैसे लावत नाही. हे तुम्हाला दोन्ही सर्व्हेअरांनी सांगितलंच आहे. योजना सरकारी होती म्हणून काम चांगलंच असणार, हा तुमचा युक्तिवादही बाजूला ठेवू. व्हाउचरने खर्चाचा दोन तृतीयांश वाटा उचलला, कामाची हमी घेतली नाही. अशी पत्रं मला सतत येतात. सगळ्यांत फोमचं वर्णन भरभरून असतं आणि एकच गोष्ट शोधावी लागते, ती म्हणजे काम झाल्याची तारीख. तुमच्या पत्रात ती शेवटच्या पानावर, जाता जाता आली आहे. तुमचं सगळं प्रकरण त्या तारखेवर उभं आहे.

इंग्लंड आणि वेल्समध्ये करारभंगाच्या दाव्याला 1980च्या लिमिटेशन अ‍ॅक्टच्या कलम 5 प्रमाणे सहा वर्षं मिळतात, आणि ती करार मोडला त्या दिवसापासून मोजतात. तुम्हाला कळलं त्या दिवसापासून नाही, गिऱ्हाईक पळालं त्या दिवसापासून तर नाहीच. काम चुकीचं झालं असेल तर ते फेब्रुवारी 2021 मध्येच झालं. म्हणजे फेब्रुवारी 2027 मध्ये दार बंद. तेही कोणत्या तारखेला, यावर वाद होऊ शकतो: करारावर सही झाली तो दिवस, काम सुरू झालं तो, की संपलं तो? तुम्ही वाद घालू नका. सर्वांत आधीची तारीख धरा आणि तिच्याही महिनाभर आधीची तारीख स्वतःसाठी ठरवा.

मेहुण्यांचा मान राखून सांगते, भारतातल्या कायद्याबद्दल ते बोलले असतील ते बोलले असतील, पण रेडिंगच्या छपराला नागपूरचा सल्ला लागू पडत नाही. इथेही त्याच लिमिटेशन अ‍ॅक्टमध्ये कलम 32 आहे. समोरच्याने फसवणूक केली किंवा महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून लपवली, तर मुदत उशिरा सुरू होते. पण 'जाणूनबुजून' हे तुम्हाला सिद्ध करावं लागेल, आणि 2021 मध्ये त्या सेल्समनला बँकांचं धोरण पुढे काय होणार हे ठाऊक होतं, याचा कागद तुमच्याकडे नाही. त्या कलमावर भिस्त ठेवून सहा वर्षं उलटू देणं हा जुगार आहे.

दुसरी पळवाट व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते: दोष उशिरा कळला तर कळल्यापासून तीन वर्षं. ही तरतूद, त्याच कायद्याचं कलम 14-ए, खरी आहे. मात्र ती निष्काळजीपणाच्या दाव्यासाठी आहे, कराराच्या दाव्यासाठी नाही. आणि बांधकाम करणाऱ्याने तुमच्याशी फक्त करार केला असेल, तर निव्वळ आर्थिक नुकसानासाठी त्याच्यावर निष्काळजीपणाची वेगळी जबाबदारी सहसा येत नाही, असं कोर्ट ऑफ अपीलने 2011 मध्ये सांगितलं. त्या प्रकरणात घर 1992 मध्ये ताब्यात आलं, गॅस शेगडीच्या धुरांड्यातला दोष 2004 मध्ये उघड झाला, दावा 2006 मध्ये लावला. मुदतबाह्य म्हणून गेला. बरं, हे कलम तुम्हाला लागू होतं असं क्षणभर मानलं तरी तुम्हीच लिहिता की मे 2023 मध्ये रिमॉर्गेज करताना (घरावरचं कर्ज बदलून घेताना) बँकेने फोमबद्दल विचारलं होतं. तेव्हा तुम्ही कंपनीला एक ई-मेल केलात, 'आमचा फोम प्रमाणित आहे' असं उत्तर आलं आणि तुम्ही फाईल मिटलीत. ती तीन वर्षंही सरली. त्या वेळी कंपनी जिवंत होती. चार ओळींची कायदेशीर नोटीस तेव्हा गेली असती तर आज हे पत्र लिहावं लागलं नसतं.

असो. आता कामाचं बोलू. तुमच्या कागदांत मला एक बारीकशी नोंद दिसली: बुकिंगचे 500 पौंड क्रेडिट कार्डने भरले, उरलेले बँक ट्रान्सफरने. हे 500 पौंड सांभाळा. 1974च्या कन्झ्युमर क्रेडिट अ‍ॅक्टचं कलम 75 म्हणतं की वस्तूची किंवा सेवेची रोख किंमत 100 पौंडांहून जास्त आणि 30,000 पर्यंत असेल आणि तिचा काही भाग जरी क्रेडिट कार्डने दिला असेल, तर व्यापाऱ्याच्या करारभंगाला कार्ड देणारी बँकही तितकीच जबाबदार. ती मर्यादा किमतीला आहे, नुकसानभरपाईला नाही. कंपनी बुडाली तरी बँक जागेवर आहे. डेबिट कार्ड असतं तर हे कलम उपयोगाचं नव्हतं.

एक अडचण संभवते. कार्डाच्या स्टेटमेंटवर पैसे घेणाऱ्याचं नाव करारावरच्या कंपनीचंच आहे का, ते तपासा. मधल्या एखाद्या मार्केटिंग कंपनीने पैसे घेतले असतील तर बँक हात वर करू शकते. व्हाउचरचा सरकारी वाटा यात कसा मोजला जाईल, यावरही मी छातीठोकपणे काही सांगणार नाही.

बँकेला याच आठवड्यात लेखी कळवा. कलम 75चा दावा आहे असं स्पष्ट लिहा आणि 2015च्या कन्झ्युमर राइट्स अ‍ॅक्टचा आधार घ्या: कलम 49 म्हणजे वाजवी काळजी आणि कौशल्याने काम करणं, कलम 50 म्हणजे विकताना जे सांगितलं, ज्यावर तुम्ही विसंबलात, ते करारात धरलं जाणं. 'घराची किंमत वाढेल' असं माहितीपत्रकात किंवा ई-मेलमध्ये छापलेलं असेल तर ते शोधा. तोंडी आश्वासनाला पाच वर्षांनी फारशी किंमत उरत नाही.

आणि इथेच बहुतेक लोक बुडतात. पत्र पाठवलं म्हणून घड्याळ थांबत नाही. तक्रारीला अंतिम उत्तर द्यायला बँकेला आठ आठवडे असतात, त्यानंतर ओम्बड्समनकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या लवादाकडे, जायला तुम्हाला सहा महिने. वाचायला छान वाटतं. पण ओम्बड्समनकडे फाईल पडून आहे म्हणून कोर्टातली मुदत वाढेल, या भरवशावर राहू नका. कलम 75चा दावाही मूळ करारभंगावरच उभा असल्याने तोच फेब्रुवारी त्यालाही लागू. बँकेकडून स्टँडस्टिल करार मागा, म्हणजे ठरावीक काळ मुदत मोजायची नाही असं दोघांनी लेखी मान्य करणं. बँका असल्या मागण्यांना उत्तर द्यायला वेळ लावतात. जानेवारीपर्यंत सही झाली नाही तर सरळ क्लेम फॉर्म (कोर्टातल्या दाव्याचा अर्ज) दाखल करा. तो कोर्टाच्या कार्यालयात वेळेत पोचला की मुदत सांभाळली गेली, आणि तो समोरच्याला बजावायला पुढे चार महिने मिळतात. 10,000 पौंडांवरच्या दाव्याला फी पाच टक्के. 10,000 पर्यंतचा दावा साधारणपणे स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या दाव्यांच्या सोप्या प्रक्रियेत, जातो, तिथे वकिलाचा खर्च जिंकूनही सहसा मिळत नाही. सुनावणी कधी होईल ते विचारू नका. संसदेच्या जस्टिस कमिटीने 2025 मध्ये काउंटी कोर्टांच्या कारभारावर जे ताशेरे ओढले, ते वाचून आम्हा वकिलांना नवीन काहीच कळलं नाही. म्हणून कोर्टाच्या तारखेवर घर विकण्याचं वेळापत्रक बेतू नका.

गॅरंटीचा कागद मी वाचला. ती फोम सुटणार नाही, आकसणार नाही याची आहे. घर विकलं जाईल याची नाही. तिच्याबरोबर विम्याचं संरक्षण असल्याचा उल्लेख आहे. विमा कंपनीला कळवून ठेवा, फार आशा धरू नका. कंपनीचा व्यावसायिक जबाबदारीचा विमा होता का, हेही पाहायला हवं. 2010च्या एका कायद्याने बंद पडलेल्या कंपनीच्या विमा कंपनीवर थेट दावा करता येतो. मात्र पॉलिसीच्या अटी हातात आल्याशिवाय यावर काही म्हणण्यात अर्थ नाही.

फोम काढण्याची घाई झाली असेल तरी थांबा. त्याआधी चार्टर्ड बिल्डिंग सर्व्हेअरचा स्वतंत्र अहवाल घ्या: फोटो, लाकडातल्या ओलाव्याचं मोजमाप, फोम ओपन-सेल आहे की क्लोज्ड-सेल, हवा खेळायला जागा सोडली होती का, आधी ओलाव्याची तपासणी झाली होती का. काढलेला फोम स्किपमध्ये (कचऱ्याच्या मोठ्या पेटीत) गेला की तुमचा पुरावाही गेला. ओपन-सेल मऊ असतो, खरवडून निघतो. क्लोज्ड-सेल कडक असतो, फेल्टला आणि कौलांना चिकटून बसतो, कधी छप्परच नव्याने करावं लागतं. दोन्हींच्या खर्चात मोठा फरक आहे आणि दाव्याची रक्कम त्यावर ठरेल. छप्पर दुरुस्तीचा खर्च आणि घराची पडलेली किंमत, दोन्ही पूर्ण मागता येत नाहीत. 'मोफत पाहणी करून देतो' असा फोन तुम्हाला आलाय, त्या माणसाला घरात घेऊ नका. फोम काढण्याचा धंदा करणाऱ्याचा अहवाल कोर्टात स्वतंत्र तज्ज्ञाचा ठरणार नाही. फोम मारून घेताना फसलेल्यांच्या नावांच्या याद्या फोम काढून देणाऱ्यांच्या हातात पडतात, असं मला वारंवार दिसतं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, जो तुम्ही जरा आडून विचारलाय. विक्रीच्या वेळी टीए6 हा मालमत्तेच्या माहितीचा फॉर्म भरावा लागतो. त्यात झालेल्या कामांबद्दल आणि गॅरंट्यांबद्दल विचारतात, शिवाय गिऱ्हाइकाचा कन्व्हेयन्सर (खरेदीचे कायदेशीर कागद पाहणारा) वेगळे प्रश्न पाठवतो. विचारलं की खरंच लिहा: फोम कधी मारला, कधी काढला, कोणी काढला, नंतर लाकडाची स्थिती काय आढळली. खोटं उत्तर विक्री झाल्यावरही पाठ सोडत नाही. लंडनच्या एका विक्रेत्याने अंगणातल्या जपानी नॉटवीड या झपाट्याने पसरणाऱ्या त्रासदायक झाडाबद्दल या फॉर्ममध्ये 'नाही' लिहिलं होतं. 2023 मध्ये त्याला 32,000 पौंड नुकसानभरपाई आणि त्याच्या कितीतरी पट खर्च भरावा लागला. फोम व्यवस्थित काढून सर्व्हेअरचा स्वच्छ अहवाल जोडलात तर काही बँका कर्जाला तयार होतात, काही तरीही नाही म्हणतात. सगळ्यांचं धोरण एक नाही. रोख गिऱ्हाईक मिळालं तर ते भाव पाडणारच. तो पडलेला भाव तुमच्या दाव्यात धरता येईल, पण किंमत वाजवी होती हे दाखवायला दोन एस्टेट एजंटांची लेखी मूल्यांकनं आत्ताच घेऊन ठेवा.

स्कॉटलंडमधल्या वाचकांसाठी एक ओळ: तिथे सहा नव्हे, साधारणपणे पाच वर्षं, आणि नियमही वेगळे. 2021 मध्ये काम करून घेतलं असेल तर तिथल्याच सॉलिसिटरला उद्या सकाळी फोन करा.

तुम्ही मला पुढे पाठवायचे कागद असे: सही केलेला करार, बिल, 500 पौंडांची नोंद असलेलं स्टेटमेंट आणि मे 2023चा तो ई-मेल. स्टेटमेंट जुनं असल्याने बँकेकडून मिळवायला वेळ जाईल, ते आधी मागवा.