धूलिकणांवर रेणू कसे जुळतात?

प्रश्न : ताऱ्यांमधील अवकाश अतिशय थंड आणि विरळ असताना तेथे रेणू तयार कसे होतात? धूलिकण उत्प्रेरकाचे काम करतात असे वाचनात आले. कणाला चिकटलेले रेणू पुढे सुटतात कसे?

उत्तर : हायड्रोजनचे दोन अणू अवकाशात एकमेकांवर आदळले, तरी त्यांचा रेणू सहसा होत नाही आणि याचा दोष थंडीकडे जात नाही. बंध जुळताना सुमारे ४.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या पातळीवर ऊर्जा मोजण्याचे एकक) ऊर्जा मोकळी होते. ती प्रकाशरूपाने टाकणे या सममित जोडीला जवळजवळ अशक्य असते आणि ती घेऊन जाणारा तिसरा अणू त्या विरळ वायूत आसपास नसतो, त्यामुळे जोडी जुळताजुळताच फुटते. धूलिकण ही अतिरिक्त ऊर्जा सामावून घेतो. उत्प्रेरक हा शब्द म्हणूनच चुकीचा नसला तरी अपुरा वाटतो, कारण उत्प्रेरक अभिक्रियेच्या वाटेतला ऊर्जेचा अडथळा कमी करतो आणि येथे तसा अडथळाच जवळपास नसतो.

‘धूळ’ म्हटल्यावर जे डोळ्यांसमोर येते त्याहून हे सिलिकेटचे किंवा कार्बनचे कण फारच बारीक, साधारण ०.१ मायक्रॉनचे असतात. वायू आणि धुळीच्या दाट मेघात, सुमारे १० केल्विन (उणे २६३ अंश सेल्सिअस) तापमानाला, अशा एका कणावर दिवसाकाठी जेमतेम एखादा हायड्रोजन अणू येऊन पडतो. हा हलका अणू तेथेही पृष्ठभागावर इकडून तिकडे सरकत राहतो आणि जोडीदार शोधतो. ऑक्सिजन भेटला तर दोन टप्प्यांत पाणी होते व कणावर बर्फाचा थर चढू लागतो.

गोठलेल्या कार्बन मोनॉक्साइडशी जुळताना मात्र खरोखरच अडथळा आड येतो आणि १० केल्विनला तो ओलांडण्याइतकी उष्णता कोठेच नसते. हायड्रोजन अणू तो ओलांडत नाही, क्वांटम टनेलिंगने, म्हणजे पुरेशी ऊर्जा नसतानाही अडथळ्यातून पलीकडे निघण्याच्या अतिसूक्ष्म कणांच्या गुणाने, आरपार जातो. कण त्याला शेजारी रेंगाळण्यास पुरेसा वेळ देतो, एवढेच. असे एकामागून एक चार अणू जोडले गेले की आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग मिथेनॉल मिळते. जपानमधील होक्काइदो विद्यापीठात वातानाबे आणि कोउची यांनी २००२ मध्ये प्रयोगशाळेतील थंड बर्फावर हायड्रोजन अणूंचा मारा करून हे दाखवून दिले.

सुटण्याचे म्हणाल, तर हायड्रोजनचा रेणू फारसा घट्ट चिकटतच नाही. पाणी आणि मिथेनॉल यांचा बहुतांश साठा जवळ नवा तारा पेटून कण १०० केल्विनच्या आसपास तापेपर्यंत बर्फातच अडकून राहतो.