जूनमध्ये मुलाला घेऊन अमेरिकेत येताय, तर समर कॅम्पआधी शाळेला पत्र द्या

नमस्कार ताई,

तुम्ही लिहिलंय की जूनमध्ये मिस्टरांच्या एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर इकडे येताय. मुलगा साडेपाच वर्षांचा, ऑटिझमचं निदान झालेलं, मोजके शब्द बोलतो. शाळा सुरू होईपर्यंत थेरपी बुडू नये म्हणून थेराप्युटिक समर कॅम्प शोधताय. आम्हीही मुलीला घेऊन असेच उन्हाळ्यात आलो होतो, म्हणून सविस्तर लिहिते.

कॅम्पच्या आधी शाळेचं पाहा. इथे आयडीईए कायद्याखाली 3 ते 21 वयाच्या पात्र मुलांना विशेष शिक्षण मोफत मिळतं, व्हिसा कुठला हे त्यात बघत नाहीत. भाड्याचा करार हातात आला की त्याच आठवड्यात स्कूल डिस्ट्रिक्टला, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या कार्यालयाला, लेखी पत्र द्या, मुलाचं मूल्यमापन करा म्हणून. तोंडी सांगून काही हलत नाही. तुमची संमती मिळाल्यापासून 60 दिवसांत मूल्यमापन व्हायला हवं. राज्याची स्वतःची मुदत असेल तर ती लागू होते आणि काही राज्यं त्यात उन्हाळ्याची सुट्टी धरत नाहीत. तिकडचे रिपोर्ट जरूर आणा, पण शाळा स्वतःची तपासणी करतेच. त्यातून आयईपी ठरतो, म्हणजे मुलाला काय आणि किती मिळणार याचा लेखी आराखडा.

पुढच्या वर्षीचा उन्हाळा या आराखड्यावर अवलंबून आहे. सुट्टीत मूल बरंच मागे जात असेल आणि गमावलेलं परत यायला फार वेळ लागत असेल, तर शाळेला सुट्टीतही मोफत शिकवणी आणि थेरपी द्यावी लागते. त्याला ईएसवाय म्हणतात. पहिल्या उन्हाळ्यात आयईपी नसल्यामुळे ते तुम्हाला मिळणार नाही, हे आत्ताच धरून चाला.

आता कॅम्प. नावात थेराप्युटिक आहे म्हणून तिथे थेरपिस्ट असतोच असं नाही. बऱ्याच ठिकाणी रोजचं सगळं कॉलेजची मुलं बघतात. ती प्रेमळ असतात, पण त्यांचं प्रशिक्षण थोड्या दिवसांचं असतं. म्हणून विचारा: ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, रोजची कामं स्वतः करायला शिकवणारी) आणि स्पीच (बोलण्याची थेरपी) यांची परवानाधारक व्यक्ती रोज हजर असते का? एका मोठ्या माणसामागे किती मुलं? मूल पळून गेलं तर काय करता? कॅम्पला तलाव किंवा स्विमिंग पूल असेल तर हा प्रश्न सोडूच नका. ऑटिझम असलेली जवळजवळ निम्मी मुलं कधी ना कधी नजर चुकवून निघून जायचा प्रयत्न करतात आणि त्यातली बरीच पाण्याकडे ओढली जातात. सहा आठवड्यांत बोलायला लावू, असं कुणी म्हटलं तर फोन ठेवून द्या.

साधे कॅम्पही वगळू नका. एडीए या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यामुळे खासगी कॅम्पलाही वाजवी सोय करून द्यावी लागते आणि तिचे जादा पैसे लावता येत नाहीत. धार्मिक संस्थांचे कॅम्प याला अपवाद आहेत. मात्र दिवसभर स्वतंत्र माणूस देणं प्रत्येकाला बंधनकारक नसतं. ईस्टरसील्स ही जुनी संस्था काही राज्यांत विशेष मुलांसाठीच कॅम्प चालवते, तिथेही चौकशी करा. चांगल्या जागा हिवाळ्यातच भरतात, त्यामुळे आत्ता वेटिंग लिस्टमध्ये नाव घाला.

पैशाचं थोडक्यात. ऑफर स्वीकारण्याआधी कंपनीचा हेल्थ इन्शुरन्स सेल्फ-फंडेड, म्हणजे उपचारांचा खर्च कंपनी स्वतःच भरते असा, आहे का ते विचारून घ्या. ऑटिझमची थेरपी विम्यात द्या असे कायदे राज्यांनी केलेत, पण ते तसल्या प्लॅनला लागू होत नाहीत. त्यात एबीए (ऑटिझमसाठीची वर्तनावर आधारित थेरपी), ओटी, स्पीच आहे का, ते लेखी मागा. कॅम्पच्या फीवर डिपेंडंट केअर खात्यातून (मुलांच्या देखभालीसाठी पगारातून करमुक्त पैसे ठेवायचं, नोकरीतून मिळणारं खातं) कर वाचतो, पण साधारणपणे दोघंही कमावते असाल तरच, आणि फक्त दिवसाच्या कॅम्पसाठी. मुक्कामाचा कॅम्प त्यात धरत नाहीत.

आमची चूक सांगते. आल्यावर दहाव्या दिवशी आम्ही मुलीला पूर्ण दिवसाच्या कॅम्पला घातलं. जेट लॅग नुकता संपलेला, घर नवं, माणसं नवी. तिसऱ्या दिवशी स्विमिंग पूलपाशी ती सारखी "नको, नको" म्हणत होती. तिथे कुणालाच ते कळलं नाही. तिला पाण्यात उतरवलं, ती चावली आणि उद्यापासून आणू नका असा फोन आला. ज्या मुलीला आम्ही दोन वर्षं "नको" म्हणायला शिकवलं होतं, तिचं ते ऐकणारं तिथे कुणी नव्हतं. आजही आठवलं की घशात दाटून येतं.

तेव्हा पहिले तीन-चार आठवडे त्याला घरातच रुळू द्या. मग अर्ध्या दिवसाचा, फार तर दोन आठवड्यांचा कॅम्प बघा. तुमची तिकडची ओटी थेरपिस्ट ऑनलाइन सेशन देत असेल तर तोवर ती चालू ठेवा. आणि जाताना एक कागद द्या: त्याचे सगळे मराठी शब्द रोमन अक्षरांत, समोर अर्थ. पाणी, नको, शू, बास, आई कुठे. कान झाकले की काय समजायचं, तेही लिहा. दुसऱ्या वर्षीच्या कॅम्पमधल्या शिक्षिकेने तो कागद गळ्यातल्या ओळखपत्राच्या मागे लावून ठेवला होता. माझी मुलगी पाण्याकडे बघून "नको" म्हणाली, तेव्हा ती तिच्याबरोबर काठावर बसून राहिली.