कमी बजेटच्या थ्रिलर शॉर्ट फिल्ममध्ये सस्पेन्स कसा टिकवायचा?

तुमची गोष्ट आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. घरी एकटी असलेली मुलगी पाण्याचा फिल्टर दुरुस्त करायला माणूस बोलावते. तो येतो, काम करतो, इकडच्या तिकडच्या गप्पा मारतो, चहा घेतो. अगदी शेवटी तिच्या मोबाइलवर खऱ्या मेकॅनिकचा मेसेज येतो : ‘मॅडम, ट्रॅफिकमध्ये अडकलोय, अर्ध्या तासात पोचतो.’ तिथे फिल्म संपते. लांबी दहा मिनिटं. रफ कट (एडिटची पहिली, कच्ची जोडणी) बघणारे मित्र शेवटाला दाद देतात, पण मधे चुळबुळ करतात. पुन्हा एक दिवस शूट करायची तुमची तयारी आहे आणि म्युझिक, लायटिंग, कॅमेरा अँगल यांपैकी कशाने सस्पेन्स वाढेल, असं तुम्ही विचारलंय.

मी शॉर्ट फिल्म्स एडिट करतो आणि हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. माझं उत्तर असं, की या तिन्हींना सध्या हात लावू नका. तो मेसेज तिसऱ्या मिनिटाला आणा.

आत्ता तुमच्या फिल्ममध्ये नऊ मिनिटं काय दिसतं? एक माणूस फिल्टर दुरुस्त करतोय, एवढंच. त्याच्यावर संशय घ्यावा असं काही तुम्ही प्रेक्षकाला दिलेलंच नाही, मग त्याने श्वास रोखावा कशासाठी? दिवाळी अंकातली रहस्यकथा शेवटच्या ओळीवर तरून जाऊ शकते, कारण तोवर लेखकाची भाषा वाचकाला धरून ठेवते. पडद्यावर साधा प्रसंग साधाच दिसतो.

सस्पेन्सपटांसाठी ओळखला जाणारा दिग्दर्शक हिचकॉक याने 1962 साली फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला दिलेल्या दीर्घ मुलाखतीत टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण दिलंय. बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला माहीतच नसेल, तर स्फोट झाल्यावर पंधरा सेकंदांचा धक्का मिळतो. बॉम्ब ठेवताना त्याने पाहिलं असेल आणि तो एक वाजता फुटणार हे त्याला ठाऊक असेल, तर पंधरा मिनिटांचा सस्पेन्स मिळतो. हे उदाहरण सगळे सांगतात. पण त्यातल्या दोन गोष्टी सुटतात. एक म्हणजे त्या खोलीत घड्याळ आहे आणि ते प्रेक्षकाला दिसतंय. दुसरी, शेवटची कलाटणी हाच गोष्टीचा कळस असेल तर ती लपवायला हिचकॉकची हरकत नव्हती. तुमची कलाटणी तेवढी मोठी आहे का, हे तुम्ही ठरवा. मला विचाराल तर नाही. ‘हा तो माणूस नाहीच’ हा गोष्टीचा शेवट नाही, इथून गोष्ट सुरू होते.

आता तोच प्रसंग असा लावून बघा. मुलगी ओट्यापाशी चहा टाकतेय. मोबाइल हॉलमध्ये सोफ्यावर, सायलेंटवर. कॅमेरा सोफ्याच्या उंचीवर ठेवा : पुढे मोबाइल, मागे स्वयंपाकघराचं दार, दारातून तिची पाठ आणि त्याचा खांदा. स्क्रीन उजळते, आपण मेसेज वाचतो, स्क्रीन विझते. आत तो विचारतो, ‘ताई, घरात कोण कोण असतं?’ ती सहज उत्तर देते. हाच संवाद तुमच्या आत्ताच्या कटमध्ये भरताड वाटतो. मेसेजनंतर आला की प्रेक्षक मनातल्या मनात ओरडायला लागतो, अगं सांगू नकोस! संवादाचा एक शब्दही बदलावा लागत नाही.

आणि मेसेजमधला अर्धा तास म्हणजे तुमचं घड्याळ. खरा माणूस येणार आहे, फक्त तो वेळेत येईल का?

त्यानंतर कोणाला काय माहीत आहे याच्या पायऱ्या करा. आधी फक्त प्रेक्षकाला माहीत. मग ती चहाचा कप घेऊन हॉलमध्ये येते, मोबाइल उचलते, वाचते. आता तिलाही माहीत आणि तिला माहीत आहे हे त्याला कळू द्यायचं नाही. इथे अभिनेत्रीला खरं काम मिळतं. तिसरी पायरी, तिला कळलंय हे त्याच्या लक्षात येणं. प्रत्येक पायरीला साधारण दोन मिनिटं दिलीत तरी मधला कंटाळवाणा भाग उरत नाही.

शॉर्ट फिल्मला पूर्वकथा सांगायला वेळ नसतो, म्हणून पहिल्या मिनिटात प्रेक्षकाच्या हातात एक नियम द्यावा लागतो. डेव्हिड सँडबर्गची ‘लाइट्स आउट’ (2013) तीन मिनिटांहूनही छोटी आहे. त्याने ती घरच्या घरी, बायकोला मुख्य भूमिकेत घेऊन केली. दिवा बंद केला की पॅसेजमध्ये कुणीतरी उभं दिसतं, लावला की नाही. संवाद नाहीत, खुलासा नाही. बटण दोन-तीनदा वरखाली झालं की आपल्याला नियम पाठ होतो आणि मग तिचा हात बटणाकडे गेला तरी धास्ती वाटते. ती भयकथा असली तरी यंत्रणा तुमच्या थ्रिलरलाही तीच लागते.

आता आवाज. कमी बजेटमध्ये सगळ्यात जास्त फायदा इथे आहे आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त हयगयही इथेच होते. तुमच्या रफ कटमध्ये सुरुवातीपासून घुमणारं म्युझिक आहे असं तुम्ही लिहिलंय. ते काढून टाका. ते पहिल्या सेकंदापासून ‘घाबरा’ म्हणून सांगत बसतं आणि दोन मिनिटांत कान त्याला सरावतात. त्याऐवजी फिल्टरवाल्याच्या पान्याचा आवाज वापरा. मुलीचा चेहरा क्लोजअपमध्ये, तिची पाठ त्याच्याकडे, समोर पातेल्यात चहा. मागून पान्याची खटखट चालू आहे आणि ती थांबते. फक्त चहा उकळल्याचा आवाज. ती वळत नाही, कारण तिला अजून काही ठाऊकच नाही. त्याच्यावर कट करू नका. तो काय करतोय हे जितका वेळ दाखवणार नाही, तितका वेळ प्रेक्षक स्वतःच ते चित्र रंगवत बसेल. मग खटखट पुन्हा सुरू करा.

यासाठी लोकेशनवर शूटिंग संपल्यावर सगळ्यांना गप्प उभं करून मिनिटभर रूम टोन, म्हणजे त्या खोलीचा रिकामा आवाज, रेकॉर्ड करा. टेक चालू असताना फ्रिज बंद ठेवा आणि त्याची घरघर वेगळी रेकॉर्ड करा. एडिटमध्ये ती खाली अंथरून ठेवली आणि नेमक्या क्षणी बंद केली, की जी शांतता जाणवते ती कुठल्याही तयार साउंड इफेक्टमध्ये मिळत नाही.

आवाजावर अख्खी फिल्म कशी उभी राहते ते पाहायचं असेल तर रोद्रिगो सोरोगोयेनची स्पॅनिश शॉर्ट फिल्म ‘माद्रे’ (2017) बघा. एका उजेडी फ्लॅटमध्ये आई, तिची आई आणि एक फोन. पलीकडे तिचा लहानगा मुलगा कुठल्याशा किनाऱ्यावर एकटा आहे आणि त्याच्या फोनची बॅटरी संपत आलीये. जवळजवळ सगळी फिल्म एका सलग शॉटमध्ये आहे. मुलगा दिसत नाही, नुसता ऐकू येतो, आणि कट नसल्यामुळे आपल्यालाही त्या खोलीतून सुटका मिळत नाही. सुरुवातीला फक्त एक रिकामा किनारा दाखवलाय. पुढे फोनवरचं सगळं आपण त्याच किनाऱ्यावर घडताना पाहतो.

त्यात अंधार नाही हेही लक्षात घ्या. निळा प्रकाश, तिरका कॅमेरा, दचकवणारा आवाज यांवर मी फार वेळ घालवणार नाही. तुमची ट्यूबलाइट पुरेशी आहे. संवादांवर मात्र कात्री चालवा. आपल्यातले बरेच जण एकांकिकेतून येतात, तिथे शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं म्हणून सगळं बोलून दाखवायची सवय लागते. मेसेज वाचल्यावर मुलगी ‘अरे बापरे’ पुटपुटते ते काढा. तिने कपात साखर ढवळत राहावं, इतकंच पुरे.

नवा कट झाला की पटकथा न वाचलेल्या माणसाला दाखवा आणि पडद्याऐवजी त्याच्याकडे बघा. तो जिथे खुर्चीत सैल होतो त्याच्या आधीच्या शॉटमध्ये बहुतेक वेळा एखादी माहिती दोनदा दिलेली असते.

आणि शूटच्या दिवशी मोबाइलच्या स्क्रीनचा इन्सर्ट (मेसेजचा जवळून घेतलेला शॉट) घाईत उरकू नका, सगळी इमारत त्याच्यावर उभी आहे. मेसेज मराठीत, मोठ्या अक्षरांत, एकाच ओळीचा ठेवा. स्क्रीनचा ब्राइटनेस कमी करून एक्स्पोजर लावा, नाहीतर अक्षरं पांढरी फटक होतील. शॉट इतका वेळ धरा, की सावकाश वाचणाऱ्यालाही तो दोनदा वाचता येईल.