यूपीएसची घरघर आणि आठ महिन्यांत मेलेली बॅटरी

तुमची तक्रार मला समजली ती अशी. नवी मुंबईतल्या ऐरोलीत घर, १ केव्हीए क्षमतेचा लाइन-इंटरॅक्टिव्ह (व्होल्टेज कमी-जास्त झालं तर स्वतःच सावरून घेणारा) यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर संगणक चालू ठेवणारा बॅटरीचा डबा, वय चार वर्षं. वीज असतानाही तो घूंऽऽ करत राहतो, संध्याकाळी मध्येच कटकट वाजतो आणि वीज गेली की दोन मिनिटांत एकसारखी शिटी मारून मान टाकतो. आठ महिन्यांपूर्वी बॅटरी बदलून झाली, तरी पुन्हा तेच. दुकानदार म्हणतो ट्रान्सफॉर्मर गेलाय, नवा घ्या.

निदान येत्या रविवारपर्यंत तरी घेऊ नका. रबाळे-महापे पट्ट्यात मी बरीच वर्षं यूपीएस दुरुस्तीचंच काम केलं. 'ट्रान्सफॉर्मर गेला' हे वाक्य जितक्यांदा ऐकलं, त्या मानाने खरंच जळालेले ट्रान्सफॉर्मर फार थोडे पाहिले. तो जातो तेव्हा गुपचूप जात नाही. वार्निश जळल्याचा वास घरभर होतो आणि डबा हात लावू देत नाही. तुम्ही वासाबद्दल काहीच लिहिलेलं नाही, म्हणजे तसं झालेलं नसावं.

तुमच्या वर्णनात तीन वेगळे आवाज आहेत. दुकानदाराने तिन्हींची मोट बांधून एकच रोग ठरवला, घोळ तिथेच झाला.

पहिली ती घूंऽऽ. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा प्रत्येक आवर्तनात दोनदा ताणला जातो, म्हणून सेकंदाला शंभर वेळा थरथरतो. हा हुंकार असा ट्रान्सफॉर्मर असलेल्या प्रत्येक यूपीएसला असतो. चार वर्षांत गाभ्याच्या पट्ट्या किंवा बाहेरच्या पत्र्याचे स्क्रू ढिले झाले की तो वाढतो. डब्यावर बाहेरून हाताचा पंजा दाबून धरा. आवाज बदलला तर पत्रा वाजतोय. स्क्रू आवळा, खाली जुन्या स्लिपरच्या रबराचे चार तुकडे ठेवा. थट्टा नाही, आम्ही कंपनीतही हेच करायचो. हात दाबून काहीच फरक पडला नाही तर यूपीएसला जोडलेलं सगळं काढून ऐका. रिकामा असतानाही तेवढाच आवाज असेल आणि डबा नुसता कोमट असेल, तर तो त्याचा स्वभाव समजा. वीज गेल्यावर आवाज कर्कश होतो तेही बिघाडाचं लक्षण नाही. बॅटरीवर असताना स्वस्त यूपीएस गुळगुळीत लाटेऐवजी पायऱ्यापायऱ्यांची लाट काढतो आणि ट्रान्सफॉर्मर तिच्यावर कुरकुरतो.

दुसरी कटकट, ती रिलेची, म्हणजे विजेवर चालणाऱ्या छोट्या स्विचची. लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएसमध्ये व्होल्टेज उतरलं की तो बॅटरीला हात न लावता ट्रान्सफॉर्मरची दुसरी टॅप (गुंडाळीतून मध्येच काढलेली तार) जोडून ते वर उचलतो, चढलं की खाली आणतो. प्रत्येक वेळी रिले 'कट्' करते. तुम्ही म्हणता संध्याकाळीच वाजतं, आणि उत्तर त्यातच आहे. सातनंतर इमारतीतले एसी सुरू होतात, व्होल्टेज उतरून नेमकं त्या टॅपच्या उंबरठ्यावर येऊन बसतं आणि रिले आत-बाहेर करत राहते. त्या वेळी मल्टिमीटरने सॉकेटवरचं व्होल्टेज बघा. २३० च्या आसपास स्थिर असूनही रिले तडतडत असेल तर दोष यूपीएसच्या आत आहे आणि तो कारागिराकडे न्यायला हवा. २०० च्या खाली-वर नाचत असेल तर यूपीएस बिचारा आपलं काम करतोय. मग शेजाऱ्यांकडे विचारा. सगळ्यांकडे तसंच असेल तर महावितरणकडे १९१२ वर तक्रार नोंदवा. फक्त तुमच्याकडेच असेल तर आपल्या वायरमनकडून मीटरपासून सॉकेटपर्यंतचे जोड तपासून घ्या. खाडीकाठच्या दमट हवेत पितळी स्क्रूंवर हिरवट थर चढतो आणि ढिल्या न्यूट्रलने (परतीच्या तारेने) आख्खं घर लुकलुकतं.

यूपीएसच्या आतल्या पंख्याचा खरखर आवाज वेगळा कळतो. धूळ झाडा, नाही गेला तर पंखा बदला, विषय संपला.

आता तिसरा, दोन मिनिटांची शिटी. खरा रोग इथे आहे.

१ केव्हीएच्या बहुतेक डब्यांत १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरच्या दोन सीलबंद बॅटऱ्या असतात, एकीच्या शेपटीला दुसरी जोडलेली, मिळून २४ व्होल्ट. तुम्ही लिहिलंय 'बॅटरी बदलली'. एकवचनी. बिल काढून बघा, एकच बदलली की दोन्ही? माझी पैज एकीवर आहे.

एकच बदलली की काय होतं ते सांगतो. चार्जर दोन्हींना मिळून सुमारे २७.३ व्होल्ट देतो, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला १३.६५. दोन्ही सारख्या असतील तोवर वाटणी समान. पण प्रत्येक बॅटरीत दोन-दोन व्होल्टचे सहा सेल असतात आणि जुनीचा एक सेल शॉर्ट झालेला असतो. उरलेल्या पाच सेलांवर ती चार्ज होतानाही ११.४ च्या पुढे चढतच नाही. चार्जरला हे कळत नाही, त्याला फक्त बेरीज कळते. उरलेले १५.९ व्होल्ट नव्या बॅटरीच्या डोक्यावर. ती रात्रंदिवस उकळत राहते, आतलं पाणी वायू होऊन झडपेतून निघून जातं, पोट फुगतं. आठ महिने तिने तग धरला हेच खूप. दुकानदाराने तुमचे एका बॅटरीचे पैसे वाचवले आणि नवी बॅटरी मारली. मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. गिऱ्हाईक 'स्वस्तात बघा ना' म्हणतं आणि दुकानदार हो म्हणतो.

खात्री करून घ्यायची तर अशी करा. यूपीएस त्याच्या बटणाने बंद, मग प्लग बाहेर. काही मॉडेलांत बॅटरीची टोकंसुद्धा मेनच्या विजेशी जोडलेली असतात, म्हणून प्लग लावलेला असताना आत हात नको. अंगठी, बांगड्या, घड्याळ काढून ठेवा. एवढीशी दिसणारी ही बॅटरी शॉर्ट झाली तर पान्याला वेल्ड करण्याइतका करंट देते. बॅटरीच्या टोकांवरच्या तारांच्या चिमट्या (लग) ओढून काढा, उघड्या टोकांना टेप लावा आणि आधीच मोबाईलवर फोटो काढून ठेवा. लाल-काळं उलटं लागलं तर फ्यूज जाईल, कधी सोबत मॉस्फेट, म्हणजे आतले करंट चालू-बंद करणारे भागही. परत जोडताना शेवटच्या लगला बारीक ठिणगी उडते, ती कपॅसिटर भरल्याची. दचकू नका.

काढलेल्या बॅटऱ्या तीन-चार तास नुसत्या ठेवा आणि मग दोन्ही स्वतंत्र मोजा. १२.८ च्या आसपास असेल तर भरलेली आहे. १२ च्या खाली असेल तर रिकामी किंवा आजारी. १०.६ च्या आसपास दिसली तर एक सेल संपलाच. मात्र नुसत्या व्होल्टेजवर विश्वास ठेवू नका. मरायला टेकलेली बॅटरीही रिकाम्या पोटी १२.७ दाखवते आणि वजन उचलायला सांगितलं की बसते. गाडीच्या हेडलाइटचा १२ व्होल्ट ५५ वॉटचा बल्ब कुठल्याही गॅरेजमध्ये मिळेल. तो जोडा. साडेचार अँपिअर ओढतो. चांगली बॅटरी पंधरा मिनिटांनीही १२ च्या जवळपास असते. दोन मिनिटांत ११ च्या खाली गेली तर भंगारात. बल्ब तापतो, फरशीवर ठेवा, सोफ्यावर नको.

बॅटरी घेताना दोन्ही एकदम, एकाच बनावटीच्या, एकाच तारखेच्या घ्या. अंगावर ठोकलेला तारखेचा कोड दुकानदाराकडून वाचून घ्या. वर्षभर फळीवर पडून राहिलेली 'नवी' बॅटरी अर्धी म्हातारीच असते. जुन्या परत देऊन टाका, शिश्याचे काही पैसे नव्यांच्या किमतीतून कापून मिळतात. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे त्या घरच्या कचऱ्यात टाकायच्या नाहीतच. नव्या बसवल्यावर पहिली रात्र पूर्ण चार्ज होऊ द्या, लगेच बॅकअप मोजायला बसू नका.

हे सगळं झालं तरी एक गोष्ट राहते. तुम्ही टाकलेल्या फोटोत यूपीएस टीव्हीच्या बंद कपाटात आहे, वर सेट-टॉप बॉक्स. शिसे-आम्लाच्या बॅटरीचा ठोकळ हिशेब असा, की २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना आयुष्य निम्मं. मे महिन्यात ऐरोलीत बाहेर ३५ असेल तर त्या कपाटात ४५ धरा. म्हणजे चार वर्षांची बॅटरी एका वर्षाची झाली. दार काढा किंवा यूपीएस खाली फरशीवर आणा, मागे चार बोटं जागा सोडून. (पालींची भीती असेल तर जाळी लावा. सर्किटवर चिकटून भाजलेल्या पाली मी किती काढल्या त्याची मोजदाद नाही.)

आणखी एक, हे माझ्या मेहुण्याने दोनदा केलंय म्हणून लिहितो. गणपतीला गावी जाताना घराचा मेन स्विच पाडायचा आणि यूपीएस तसाच चालू ठेवायचा. बिचारा रिकाम्या घरात बीप बीप करत संपतो आणि पुढचे दहा दिवस बॅटरी रिकामीच पडून राहते. रिकाम्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचे खडे घट्ट बसतात, मग ती चार्ज घेत नाही. आधी यूपीएस त्याच्या बटणाने बंद, मग मेन. तुम्ही गेल्या गणपतीत काय केलं होतं ते आठवून बघा.

लोडबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही. संगणक, मॉनिटर, राउटर मिळून दीडशे वॉटच्या आत असतील तर चांगल्या जोडीवर वीस मिनिटं तरी मिळायला हवीत. लेझर प्रिंटर त्याच्यावर असेल तर आजच काढा. त्याचा हीटर चालू होताना एकदम इतकं ओढतो की ओव्हरलोडची तीच एकसारखी शिटी वाजते आणि माणूस बॅटरीला शिव्या देतो.

दर दोन-तीन महिन्यांनी भिंतीवरचं बटण बंद करून पाच मिनिटं यूपीएस बॅटरीवर चालवून बघा. प्लग उपटू नका, त्याने अर्थिंगही सुटतं. १२ ऑक्टोबर २०२० च्या सोमवारी मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली. लोक घरून काम करत होते. त्या आठवड्यात मला आलेल्या बहुतेक फोनांचा मजकूर एकच होता, 'कालपर्यंत चांगला होता हो.' कालपर्यंत त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

तर रविवारी एवढं करा: बिलावर बॅटऱ्या किती ते बघा, दोन्हींचं वेगवेगळं व्होल्टेज बल्बशिवाय आणि बल्बसकट लिहून घ्या, आणि संध्याकाळी सात ते नऊ सॉकेटवरचं व्होल्टेज चार वेळा. आकडे इथेच टाका. एक बॅटरी साडेदहा व्होल्टला आणि दुसरी पोट फुगलेली निघाली, तर दुकानात जाताना बिल सोबत न्या.