पी९१ वर बी३ ची तार गेली असेल तर

वरणगावच्या भाऊंनी काल विचारलंय: पी९१ (नऊ टक्के क्रोमियमच्या पोलादाच्या) पाइपचा रूट, म्हणजे सांध्याचा पहिला आतला थर, टिगने (आर्गॉन वायूच्या आवरणातल्या वेल्डिंगने) मारला, पीएमआयच्या (धातू ओळखणाऱ्या) गनने क्रोमियम नऊऐवजी तीन-साडेतीन दाखवलं, आणि सुपरवायझर म्हणतो, "वरून बी९ चे रॉड भरून टाक, हीट ट्रीटमेंटमध्ये सगळं सारखं होतं." वाचून पोटात गोळा आला. पंधरा वर्षांपूर्वी याच जागी मी उभा होतो.

भाऊ, भरू नका. जॉइंटला ब्लँकेट गुंडाळा, सावकाश थंड होऊ द्या आणि लेखी कळवा. हीट ट्रीटमेंट ७६० अंशांच्या आसपास होते. तिने वेल्डचा कडकपणा उतरतो, क्रोमियम काही वाढत नाही. बी३ म्हणजे सव्वादोन टक्के क्रोमियम, बी९ म्हणजे नऊ. उलट त्या तापमानाला बी३ मधला कार्बन जास्त क्रोमियमच्या बाजूला सरकतो आणि सांध्याची कड मऊ पडते. पी९१ ला पी२२ (सव्वादोन टक्के क्रोमियमचा पाइप) जोडताना बी३ चालतं, पण तेव्हा ते डब्ल्यूपीएसमध्ये (वेल्डिंगच्या लेखी पद्धतीत) लिहिलेलं असतं. पी९१ ला पी९१ जोडताना नाही.

आणि वरून बी९ चे थर चढले की चूक गडप होते. गन वरचाच थर वाचते, नऊ दाखवते. रेडिओग्राफीत भेग, पोकळी दिसते. धातू कोणता ते फिल्म सांगत नाही. सुपरवायझरला हे माहीत नसेल असं मला तरी वाटत नाही.

आता माझं. साइट खान्देशाबाहेरची, नाव घेत नाही. ड्रेन-व्हेंटच्या छोट्या पी९१ लाइनी होत्या. ईआर९०एस-बी३ आणि ईआर९०एस-बी९, नावात एका आकड्याचा फरक, आणि आमच्याकडे दोन्ही तारा तांब्याच्या मुलाम्याच्या. टोकाला शिक्का असतो, पण अडचणीच्या जागी वेल्डर तार अर्धी तोडतो आणि एक अर्धुक बिनशिक्क्याचं उरतं. संध्याकाळी स्टोअर बंद होत होतं. अमळनेरकडचा स्टोअरवाला, आपलाच माणूस, रबर लावलेलं उरल्या तारांचं बंडल पुढे करून म्हणाला, "येकच शे, लई जा" (एकच आहे, घेऊन जा). मी घेतलं.

पण ते घेतलं ही माझी मोठी चूक नव्हे. मोठी चूक रजिस्टरची. बंडलला बॅच नंबर नव्हता म्हणून मी स्टोअरच्या आधीच्या स्लिपवरचा नंबर सवयीने तीन दिवस उतरवत राहिलो. चौथ्या दिवशी एका उघड्या रूटवर गनने पकडलं. मग बाकीच्या अकरा सांध्यांत कोणती तार गेली? वर बी९ चढलेलं, आणि रजिस्टरवर कोणी विश्वास का ठेवावा? अकराच्या अकरा कापले. खरे चुकलेले कदाचित तीन असतील.

कंत्राटदाराच्या क्वालिटी ऑफिसात मी स्लिपची प्रत मागायला चार दिवस हेलपाटे घातले. साहेब जेवायला गेलेत, फाइल वर गेलीय, उद्या या. पाचव्या दिवशी कळलं, स्लिप सापडतच नाही. स्टोअर सुटलं, ऑफिस सुटलं, माझा दोन महिन्यांचा पगार अडकला. अजून आठवलं की डोकं फिरतं. असो.

तेव्हापासून माझं मत जरा टोकाचं आहे: बिनशिक्क्याची तार, महाग असली तरी, भंगारात. पी२२ आणि पी९१ चं काम एका डेकवर एका पाळीत नको. गन रूट झाल्याबरोबर मारा, कॅप (सगळ्यात वरचा थर) झाल्यावर नव्हे. गनवाल्याला व्हॅनेडियमही बघायला सांगा. बी९ मध्ये ते असतं, बी३ मध्ये नसतं. मॉलिब्डेनम दोन्हींत एकेक टक्का, त्यावरून काही कळत नाही. (मूळ पाइप रूटमध्ये मिसळतो, म्हणून तुमचा आकडा सव्वादोनाच्या वर आलाय. थोडं व्हॅनेडियमही दिसेल. त्याने हुरळून जाऊ नका.)

मी मेटलर्जिस्ट नाही, आयटीआयचा वेल्डर. शेवटचा शब्द तुमच्या डब्ल्यूपीएसचा आणि बॉयलर निरीक्षकाचा.

जाता जाता: कापून पुन्हा मारताना पाइपच्या आतून आर्गॉन भराच, प्रीहीट (वेल्डआधीचं तापवणं) २०० अंशांच्या खाली नको, आणि वेल्ड संपल्यावर शंभरच्या खाली थंड होऊ दिल्याशिवाय हीट ट्रीटमेंट लावू नका. घाईत हेच चुकतं. आणि आपल्या भुसावळच्या मे महिन्यात हेल्परला दया येते, तो टिगच्या तोंडावर पंखा लावतो. आर्गॉन उडून जातो, मग पोरोसिटी (वेल्डमधली बारीक छिद्रं) कुठून आली म्हणून सगळे तारेला शिव्या देतात. रॉड उन्हात सुकले म्हणणारेही आहेत. पंचेचाळीस अंशांचं ऊन म्हणजे बेकिंग नव्हे, त्याला तीनशेच्या वर ओव्हन लागतो.

सांधा कापायचा की नाही हे उद्या ठरेल. स्लिपचा आणि तारेच्या शिक्क्याचा फोटो मात्र आज रात्रीच काढून ठेवा, आणि इथे नव्हे, घरच्या कोणाच्या तरी मोबाइलवर पाठवा.